इलेक्ट्रॉनची ओढ आणि बीडचे पाणी

रासायनिक बंधात दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात; पण ही वाटणी क्वचितच समसमान असते. बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये बंधऊर्जांच्या तुलनेवरून तिची मोजपट्टी मांडली. या मोजपट्टीवर फ्लुओरीन ३.९८ इतक्या मूल्यासह सर्वांत वर आहे, तर सिझिअम ०.७९ वर अगदी तळाशी.

आवर्तसारणीत ही मूल्ये एका क्रमाने बदलतात. दुसऱ्या आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना लिथिअम ०.९८, बेरिलिअम १.५७, बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४ आणि फ्लुओरीन ३.९८ अशी चढण दिसते. केंद्रकातील प्रोटॉन एकेकाने वाढतात, पण बाह्य कवच तेच राहते. त्यामुळे अणू आकसतो आणि केंद्रकाची पकड घट्ट होते. गणात वरून खाली मात्र उतरण लागते : फ्लुओरीन ३.९८, क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६. दर पायरीला एक नवे कवच येते, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात आणि आतले इलेक्ट्रॉन आड येतात. या नियमाला अपवादही आहेत. ॲल्युमिनिअमच्या खाली असूनही गॅलिअमची विद्युतऋणता (१.८१) ॲल्युमिनिअमपेक्षा (१.६१) जास्त आहे, कारण गॅलिअममधील डी-कवचिकेचे इलेक्ट्रॉन केंद्रकाला पुरेसे झाकू शकत नाहीत.

दोन मूल्यांतील फरकावरून बंधाचा स्वभाव कळतो. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्याची जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आहे. त्यातील सिलिकॉन (१.९०) आणि ऑक्सिजन यांच्यातील फरक १.५४, हा बंध ध्रुवीय असला तरी बराचसा सहसंयुज आणि मजबूत असतो. कॅल्शिअम (१.००) व सोडिअम (०.९३) यांचा ऑक्सिजनशी फरक २.४ हून अधिक आहे. ही मूलद्रव्ये आयनांच्या रूपात असतात, म्हणून खडक झिजताना ती पाण्यात लवकर सुटतात. काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या थरांमध्ये हेच आयन बसतात आणि ध्रुवीय पाण्याला धरून ठेवतात. त्यामुळे ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सोडिअम फार वाढले तर ती चोपण होते.

फ्लुओरीनचे प्रकरण अधिक गंभीर आहे. इलेक्ट्रॉनची ओढ सर्वाधिक असल्याने निसर्गात तो प्रामुख्याने फ्लोराइड आयन म्हणूनच आढळतो. ॲपेटाइट, अभ्रक अशा खनिजांत फ्लोराइड हा हायड्रॉक्साइडची जागा घेतो, कारण दोघांचा प्रभार एकच आणि आकार जवळपास सारखा. पाण्यात कॅल्शिअम भरपूर असेल तर फ्लोराइडशी त्याचे अल्पविद्राव्य संयुग बनते आणि फ्लोराइडवर मर्यादा येते. पण चुनखडी साचून किंवा मातीतील सोडिअमशी अदलाबदल होऊन कॅल्शिअम घटले की फ्लोराइड विरघळलेलाच राहतो. म्हणून मुरत मुरत खोल गेलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढू शकते. जिल्ह्याच्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात ते मर्यादेबाहेर आढळते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेला तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. उपायातही विद्युतऋणतेचे हेच गणित उपयोगी पडते. ॲल्युमिनिअम व फ्लुओरीन यांच्यातील फरक २.३७ असून त्यांचा बंध बळकट असतो. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत पाण्यात तुरटी व चुना घालून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवतात; सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळणीतही तो पृष्ठभागावर अडकतो.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तो रंगावरून किंवा चवीवरूनही ओळखता येत नाही. म्हणून बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरण्याआधी त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.