धूर आहे, अग्नी नाही

बीड जिल्ह्यातील थंडीची बाहेरच्या लोकांस फारशी कल्पना नसते. दुष्काळ आणि ऊसतोड यांपलीकडे आमच्या जिल्ह्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. परंतु बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोद्याकडील गावांत, पौषातल्या पहाटे पारा कित्येकदा १० अंशांच्या आसपास उतरतो. आणि नेमक्या त्याच वेळी दुधाच्या गाड्या निघावयाच्या असतात.

आमच्या पुतण्याची पिकअप गाडी अशा दुधाचीच. डिझेलवर चालणारी, बरीच जुनी. उन्हाळा-पावसाळा ती निमूट चाले. पण गेल्या मार्गशीर्षापासून पहाटे रुसू लागली. दुपारी किल्ली फिरवताच उठणारी ही गाडी पाचाच्या सुमारास घरघरून गप्प बसे. मग शेजारची चार माणसे अंथरुणातून उठवून धक्का द्यावयाचा. तोवर संकलन केंद्राची वेळ टळलेली. दोन वेळा तर दूध परत आले. मिस्त्रीने इंजिन उतरवावे लागेल म्हणून सांगितले, आणि घरात सूनबाईंच्या पाटल्या गहाण टाकण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा मात्र मला स्वस्थ बसवेना.

मी यंत्रज्ञ नव्हे. जन्मभर संस्कृत शिकविले. "काका, पंचांग पाहून गाडी सुरू व्हायची नाही," असे पुतण्याने ऐकविलेही. परंतु नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक यंत्रासही लागू पडतो. जे असता दोष दिसतो व जे नसता दिसत नाही, तेथे कारण शोधावे. झिजलेले इंजिनही थंडीत अडते हे खरे. पण ते दिवसाही तेल पिते आणि चढावर दमते. ही गाडी बीडहून परतताना पेंडीची पोती घेऊन मांजरसुंब्याचा घाट बिनतक्रार चढत असे.

कोणी म्हणाले, डिझेल गोठले असेल. डिझेलमधील मेण थंडीने साकळते ही गोष्ट खोटी नव्हे. लडाखात त्याचा एवढा जाच होता की, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल इंडियन ऑइलने २०१९ साली तेथे आणले. आमच्या पाटोद्याची थंडी त्या योग्यतेची नाही.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते, त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा उडतो आणि पेट घेतो. थंडीत इंजिनाचे गार लोखंड ती उष्णता शोषून घेते. शिवाय तेल घट्ट होऊन इंजिन जड फिरते, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची शक्तीही घटलेली असते. यासाठी पुष्कळ गाड्यांत तापणारे ग्लो प्लग बसविलेले असतात. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत हीटर प्लग.

मी पहाटे कंदील घेऊन धुराड्यापाशी उभा राहिलो. (घरच्यांनी कानटोपीवाचून जाऊ दिले नाही.) किल्ली फिरताच पांढरा धूर येई. तर्कशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. येथे नेमके उलटे! पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचते आहे, पण पेटत नाही. धूर मुळीच नसता तर फिल्टर आणि नळीतून शिरणारी हवा यांकडे वळलो असतो. दुसरी खूण धक्क्याची. धक्क्याने गाडी सुरू होते, याचा अर्थ वेगाने फिरविले तर इंजिन हवा पुरेशी दाबते. अर्थात उणीव वेगाची आणि उष्णतेची.

मग मल्टीमीटर आणविला. किल्ली फिरविताना १२ व्होल्टची बॅटरी साधारण १० च्या खाली जाऊ नये. आमची ८ वर आली. बॅटरी चांगली होती, तिच्या टोकांवर व अर्थिंगच्या वायरीवर हिरवट-पांढरे पूट चढले होते. ते गरम पाण्याने धुऊन, घासून, आवळून घेतले. नंतर ग्लो प्लगांची जोडपट्टी काढून एकेक तपासला. चांगल्या प्लगाचा रोध सुमारे १ ओहम किंवा त्याहून कमी असतो. तुटलेल्यातून वीज जातच नाही. चारांपैकी तीन मेलेले निघाले! समोरचा दिवा मात्र रोज नेमाने लागत व विझत असे. तो दिवा वेळ मोजतो, प्लग तापला की नाही हे पाहत नाही.

कित्येक जण अशा वेळी हवेच्या तोंडाशी पेटता काकडा धरतात. ज्वाळा आत ओढली जाऊन फिल्टर पेटतो, आणि गाडी कडब्याच्या गंजीजवळ असेल तर पुढचे सांगावयास नको. ज्वलनशील फवारा तर ग्लो प्लग असलेल्या इंजिनात मुळीच मारू नये. तो अवेळी भडकून पिस्टन फोडू शकतो.

तीन प्लग बदलले. आता किल्ली अर्धी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबावयाचे, मग पूर्ण फिरवावयाची, एवढाच विधी उरला आहे. पाटल्या सूनबाईंच्या हातात आहेत. पहिले मिनिटभर थोडा पांढरा धूर अजून दिसतो. चौथाही प्लग त्यांच्याच वयाचा, तो आताच बदलावा असे माझे मत. पुतण्या म्हणतो, दुधाचा पुढचा पगार होऊ द्या.