रोमन शिपायाचा साज : प्रतिकृती कशी घडवावी

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या सनावळ्या पुष्कळ असतात. परंतु ज्या शिपायाने ती लढाई अंगावर घेतली, त्याच्या खांद्यावर ओझे किती होते व त्याची ढाल कशाची होती, ह्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. हे ज्ञान मिळविण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे ती सामग्री आपल्या हातांनी घडवून पाहणे हा होय. इंग्लंडात १९७२ साली निघालेल्या अर्माइन स्ट्रीट गार्ड ह्या मंडळाने रोमन सैनिकांची शस्त्रे अभ्यासपूर्वक बनवून, ती लेवून लोकांपुढे कवायत करण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडे कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत दांडपट्टा अद्यापि फिरतो, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्यास राज्यशस्त्राचा मानही दिला.

शाळांतून संत मार्टिन किंवा बादशहा कॉन्स्टंटाइन ह्यांच्या जीवनावर नाट्यप्रवेश बसवितात, तेव्हा शिपायास बहुधा लोखंडी पट्ट्यांचे उरस्त्राण, आखूड तांबडा अंगरखा आणि बाकदार चौकोनी ढाल देण्यात येते. हा वेश पहिल्या शतकातला. मिल्वियन पुलाची लढाई इ. स. ३१२ मधली, तोपर्यंत तो जवळजवळ लुप्त झाला होता. पानिपतच्या रणांगणावर भाऊसाहेबांच्या हाती १८५७ ची बंदूक द्यावी, तसाच हा प्रकार. चौथ्या शतकातील शिपाई लांब बाह्यांचा अंगरखा, विजार व झगा वापरी. कमरेस लांब तलवार लटकावी आणि हाती लंबगोल किंवा वाटोळी ढाल धरी.

प्रथम ढालीचा विचार करू. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे नगर होते. इ. स. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेने ते घेतले. वेढ्याच्या वेळी तटाला लागून घातलेल्या मातीच्या भरावाने नगरातील अनेक वस्तू राखल्या. ख्रिस्ती मंडळीचे एक अतिप्राचीन प्रार्थनागृहही त्यामुळेच टिकले. १९२८ ते १९३७ ह्या काळात तेथे उत्खनन झाले, त्यात रंगीत चित्रे काढलेल्या लाकडी ढाली हाती आल्या. लंबगोल ढाली मीटरभराहून थोड्या अधिक उंच असून, पातळ फळ्या कडेला कड चिकटवून केलेल्या आहेत. लाकूड मध्यभागी सुमारे एक सेंटिमीटर जाड व कडेकडे पातळ होत गेलेले आहे. प्रतिकृतीसाठी पातळ प्लायवूड घ्यावे, त्यावर सरसाने जाडेभरडे कापड ताणून बसवावे, कडेने चामड्याची पट्टी दोऱ्याने शिवावी आणि मधोमध मुठीसाठी भोक पाडून त्यावर पत्र्याची वाटी ठोकावी. चित्र मनाने काढू नये. इ. स. ४०० च्या सुमारास तयार झालेल्या नोटिशिया डिग्निटाटम ह्या सरकारी नोंदवहीत निरनिराळ्या पलटणींच्या ढालींची चिन्हे दिलेली आहेत, ती पाहावीत.

शिरस्त्राणाची रचना फार बोधप्रद आहे. पूर्वीचे टोप एकाच पत्र्यातून ठोकून काढीत. त्यास कसबी कारागीर व पुष्कळ वेळ लागे. उत्तरकाळी सरकारी कारखान्यांतून मोठ्या संख्येने टोप हवे झाले, तेव्हा दोन अर्धे तुकडे करून ते कपाळापासून मानेपर्यंत जाणाऱ्या उभ्या कण्याने जोडण्याची रीत निघाली. गालपट्ट्या व मानपट्टी निराळ्या करून जोडीत. अधिकाऱ्यांच्या टोपावर सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पत्रा मढवीत. १९१० मध्ये हॉलंडातील डर्न गावाजवळ दलदलीत असा एक टोप सापडला. आतले लोखंड नाहीसे झाले होते, चांदीचे कवच तेवढे उरले होते. विद्यार्थ्यांनी जाड पुठ्ठ्याचे किंवा कागदाच्या लगद्याचे दोन अर्धे भाग करून कण्याने सांधले, म्हणजे मूळ कारागिराची युक्ती आपोआप कळते.

चिलखताचे काम मात्र चिकाटीचे आहे. लोखंडी तार सळईभोवती गुंडाळावी, तिचे वेटोळे कापून कड्या काढाव्यात आणि दोन पकडींनी प्रत्येक कडी इतर चार कड्यांत ओवून मिटवावी. खऱ्या रोमन चिलखतात अखंड कड्यांची एक ओळ व रिव्हेट मारलेल्या कड्यांची एक ओळ असे. त्यास हजारो कड्या लागत आणि वजन दहा किलोच्या घरात जाई. आपल्या मराठा वीरांचे कड्यांचे चिलखतही ह्याच तत्त्वावर विणलेले असे. ज्यास खात्री करून घ्यावयाची असेल त्याने करी रोडहून धीम्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि काळा घोड्याजवळील वस्तुसंग्रहालयाचे शस्त्रदालन पाहावे. सबंध चिलखत न जमले, तर वीतभर चौकोन तरी विणावा. श्रमाची कल्पना तेवढ्यानेही येते.

ह्या कामी आपल्या वस्तीतील मुलांना एक मोठी अनुकूलता आहे. गणेशगल्लीचा उत्सव १९२८ पासून चालू असून तेथे देवळांच्या व राजवाड्यांच्या भव्य प्रतिकृती उभ्या राहतात. लाकूड, कापड, लगदा आणि रंग ह्यांतून दगडाचा भास निर्माण करणारे हात लालबाग-परळच्या मंडपांत दरसाल दिसतात. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा व कागद ह्यांचे महत्त्व वाढले आहे. त्या कारागिरांजवळ तासभर उभे राहून पाहिले, तर महागडे साहित्य विकत आणण्याची गरज उरत नाही. आणि ज्या पालकांना पोशाखाची वर्गणी जड वाटते, त्यांचा मुलगाही शिपायांच्या रांगेत उभा राहू शकतो.

दोन गोष्टींची सावधगिरी अवश्य बाळगावी. तलवार लाकडाची व बोथट असावी. धारदार पात्यांच्या बाबतीत १९५९ चा शस्त्र अधिनियम आड येतो. रोमन शिपाई शिशाचा गोळा बसविलेले लहान भाले फेकीत, आणि असे पाच भाले ढालीच्या आतल्या बाजूस ठेवीत, असे व्हेजीशियस हा ग्रंथकार सांगतो. शिसे विषारी असल्याने त्या जागी लाकडी गोळा बसवावा, आणि भाले केवळ दाखवावेत, फेकू नयेत. दुसरे असे की, जेथे पुराव्याऐवजी तर्काने काम भागविले असेल, तेथे प्रेक्षकांस तसे स्पष्ट सांगावे. सोनेरी कागदाने सोंग साधते, इतिहास साधत नाही.

शेवटी इतकेच की, हा उद्योग युद्धाची हौस वाढविण्यासाठी नाही. चौथ्या शतकात शिपायाच्या मुलाने शिपाईच व्हावे असा कायदा होता. मार्टिनही त्याच नियमाने लहानपणी पलटणीत गेला. ढालीचे ओझे तासभर हातावर पेलल्यावर त्या मुलाच्या सक्तीच्या नोकरीचा अर्थ जितका उमगेल, तितका पाठ केलेल्या सनावळीने उमगणार नाही.