व्यवसायोपचार, बालकांचा

शारीरिक, बौद्धिक अथवा संवेदनविषयक अडचणींमुळे ज्या बालकांचा विकास मंदावतो वा निराळ्या मार्गाने होतो, त्यांना खेळणे, जेवणे, कपडे घालणे, लिहिणे यांसारख्या दैनंदिन कृतींच्या द्वारेच त्या कृती करण्यास समर्थ करणारी उपचारपद्धती. ऑक्युपेशनल थेरपी या नावानेही ती परिचित आहे. ‘व्यवसाय’ हा शब्द येथे अर्थार्जनाचा धंदा या अर्थाने योजलेला नाही. माणसाचा वेळ व चित्त ज्यांत गुंतते आणि ज्यांना त्याच्या लेखी काही अर्थ असतो, अशा सर्व कृती म्हणजे व्यवसाय. या दृष्टीने लहान बालकाचा प्रमुख व्यवसाय खेळ हा होय. स्वतःची निगा राखणे व पुढे शाळेतील काम हे त्याच्या जोडीला येतात. भौतिकी चिकित्सेत स्नायूंचे बल, सांध्यांची हालचाल व चालणे यांवर विशेष भर असतो, तर व्यवसायोपचारात त्या हालचालींच्या आधारे बालक प्रत्यक्षात काय करू शकते, हे पाहिले जाते. दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत.

इतिहास : व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संघटना १९१७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली व पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या शाखेस चालना मिळाली. भारतात तिचा पाया महाराष्ट्रात घातला गेला. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर भारतास आपला देश मानणाऱ्या कमला निंबकर यांनी फिलाडेल्फिया येथे या विषयाचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला व त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता.

आरंभीच्या काळात उपचारासाठी येणाऱ्या बालकांत पोलिओग्रस्तांचे प्रमाण मोठे होते. फातिमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये मुंबईत सुरू केलेले कार्य अशाच मुलांसाठी होते. मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, ग्रस्त मुलांसाठी मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. आता मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि अकाली वा कमी वजनाने जन्मलेल्या अर्भकांचा विकास ही या शाखेची मुख्य क्षेत्रे झाली आहेत.

विकासाचे टप्पे : बालकाची कौशल्ये साधारणतः ठराविक क्रमाने प्रकट होतात, मात्र प्रत्येकाचे वेळापत्रक थोडेफार वेगळे असते. पाच-सहा महिन्यांचे अर्भक वस्तूकडे हात नेऊन ती संपूर्ण पंजाने पकडते; नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू धरते. तीन वर्षांच्या सुमारास वर्तुळ आणि चार वर्षांच्या सुमारास अधिकचे चिन्ह पाहून काढता येते. वरवर हाताची वाटणारी ही कौशल्ये एकट्या हातावर अवलंबून नसतात. मान व धड स्थिर नसेल, तर हात आधार देण्यातच गुंतून पडतो. नजर स्थिरावत नसेल, तर चमचा तोंडापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून अक्षर वाईट आहे अशी तक्रार आली, तरी तज्ज्ञ प्रथम बालकाची बैठक पाहतो.

काही लक्षणांकडे वेळीच लक्ष देणे अगत्याचे असते. तीन महिन्यांनंतरही माणसाकडे पाहून न हसणे, पाच महिन्यांनंतरही मान न धरणे, दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे ही त्यांपैकी होत. पहिल्या वर्षातच बालक सतत एकच हात वापरू लागले, तर ते डावखुरे वा उजवे असल्याचे समजून घरची मंडळी निश्चिंत राहतात. वस्तुतः दुसऱ्या हातातील दुर्बलतेचे ते चिन्ह असू शकते.

मूल्यमापन : प्रमाणित चाचण्यांबरोबर बालकाचे खेळणे व जेवणे यांचे निरीक्षण आणि पालकांशी संभाषण यांतून मूल्यमापन केले जाते. परदेशी चाचण्यांतील वस्तू व प्रसंग भारतीय बालकास अपरिचित असतात. ही अडचण ध्यानी घेऊन प्रमिला फाटक यांनी बडोदा येथे भारतीय अर्भकांसाठी विकासमापनश्रेणी सिद्ध केली. बेली श्रेणीवर आधारलेल्या या मापनात ६७ कारक व १६३ मानसिक बाबी आहेत.

अशा पाहणीचे महत्त्व पुण्यातील एका दीर्घ अभ्यासाने स्पष्ट केले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, २,००० ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजनाच्या बालकांचा सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी या गटातील मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेत, परंतु तुलनागटापेक्षा कमी आढळला. दृष्टी व हालचाल यांचा मेळ, लेखन, वाचन व गणित यांतही त्यांना अडचणी होत्या. बुद्धी सामान्य असलेल्या अशा मुलास घरी व शाळेत आळशी ठरविले जाण्याचा धोका असतो.

उपचार : उपचाराचे तत्त्व असे, की बालकास साध्य होईल, पण थोडे कष्ट पडतील, अशी कृती निवडावी व ती त्याने स्वतः करावी. कृती अवघड असल्यास ती लहान पायऱ्यांत विभागली जाते. सदरा घालण्यास शिकविताना सर्व टप्पे प्रौढाने करून केवळ शेवटची ओढ बालकावर सोपविली, तर पहिल्याच दिवशी कृती पूर्ण केल्याचे समाधान त्यास मिळते. पुढे मागचा एकेक टप्पा त्याच्याकडे येतो. साधनेही बदलता येतात : चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड करणे, थाळीखाली ओले फडके घालून ती सरकू न देणे, पाय जमिनीला टेकतील अशी बैठक करणे. एका बाजूच्या पक्षाघातात सबळ हातावर काही काळ मोजा चढवून दुर्बल हाताकडून खेळ करवून घेण्याची पद्धत परिणामकारक ठरली आहे. स्पर्श, आवाज वा तोल यांच्या संवेदना काही बालकांना असह्य होतात, तर काहींना अपुऱ्या पडतात. जीन एअर्स या अमेरिकन तज्ज्ञ महिलेने मांडलेल्या संवेदन-एकात्मीकरणाच्या उपचाराचा वापर अशा वेळी केला जातो. मात्र त्याच्या परिणामकारकतेविषयी मतभेद आहेत.

ग्रामीण भागातील उपयोजन : प्रशिक्षित तज्ज्ञ मुख्यत्वे शहरांत असल्यामुळे डोंगरी भागातील कुटुंबांपुढे अंतर हाच मोठा अडसर असतो. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील, रायरेश्वर परिसरातील आंबवड्यासारख्या गावातून दर आठवड्याला पुण्यास जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. भातलावणीच्या दिवसांत तर ते जवळजवळ अशक्यच. म्हणून घर हेच उपचाराचे स्थान करणे येथे आवश्यक ठरते व त्यात काही उणेपणा नाही. पालकांना नीट शिकवून व ठराविक काळाने तज्ज्ञाने फेरतपासणी करून चालविलेले घरचे उपक्रम परिणामकारक ठरतात, असे मेंदूच्या पक्षाघाताविषयीच्या संशोधनात आढळले आहे. भाकरीच्या पिठाचा गोळा दाबल्याने बोटांत बळ येते, शेंगा सोलताना दोन्ही हात एकत्र काम करतात, तांब्यातील पाणी वाटीत ओतताना नजर व हात यांचा मेळ बसतो. घरात रोज होणाऱ्या या कामांमुळे सरावासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. चिंचोके, वाटाणे यांसारख्या वस्तू मात्र घशात अडकण्याचा धोका असल्याने तीन वर्षांखालील बालकाच्या हाती देऊ नयेत.

विकासातील विलंब हेरण्याचे पहिले ठिकाण अंगणवाडी होय. महाराष्ट्रात पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार फिरत्या पथकांकडून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असून पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे.

मर्यादा : मेंदूला झालेली मूळ इजा या उपचाराने नाहीशी होत नाही, तसे आश्वासन कोणी दिल्यास पालकांनी सावध राहावे. दुसऱ्याने हातपाय हलवून दिल्यापेक्षा बालकाने स्वतः हेतुपूर्वक केलेल्या सरावाचा लाभ अधिक होतो, हे आता मान्य झाले आहे. मेंदूची घडण पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक वेगाने होत असल्याने ‘मोठे झाल्यावर आपोआप सुधारेल’ म्हणून थांबण्यात गेलेला काळ भरून काढणे कठीण असते. उपचाराचे यश बालक पूर्णपणे इतरांसारखे झाले की नाही, यावरून मोजले जात नाही. काल दुसऱ्याच्या हातून जेवणारे मूल आज पंगतीत बसून स्वतःच्या हाताने घास घेते की नाही, हेच त्याचे माप होय.