रान कोण राखतो?

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्या वराळ्यावरून पुढे देहू-आळंदीकडे जाते. तिच्या पाण्यावर शेते भिजतात, कारखाने चालतात, गावोगावचे नळ वाहतात. परंतु हे पाणी नदीत तयार होत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस रानातील पालापाचोळा, मुळे आणि माती धरून ठेवतात व झऱ्याझऱ्यांतून पुढे कित्येक महिने सोडत राहतात. माथा बोडका झाला की तोच पाऊस माती घेऊन निघून जातो. तेव्हा नदीचा प्रश्न म्हणजे रानाचा प्रश्न, आणि रानाचा प्रश्न म्हणजे ते राखणाऱ्या माणसाचा प्रश्न होय.

हा माणूस कोण? पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात की, आदिवासी रान तोडतो, सबब त्याला दूर ठेवावे. आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालविले आहे. जेथे माणसाला ना हक्क ना विचारणा, तेथे त्याने जिवापाड राखण करावी ही अपेक्षा आम्हांला गिरणीच्या दारातही पटली नाही, आणि रानाच्या वेशीवरही पटत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. १९८० नंतरच्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणमच्या धरणांना त्या मुलखात विरोध झाला. 'जंगल बचाव, मानव बचाव' या त्या चळवळीतून मेंढ्याच्या लोकांत आपला कारभार आपण पाहण्याची जिद्द आली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. देवाजी तोफा हे गावातले पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सोबती.

तेथे बहुमताने ठराव होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलणे चालते. आम्ही हात वर करून मोजणारे लोक; प्रथम ऐकून आम्हांला ही रीत वेळखाऊ वाटली. परंतु विचार केला की तिचे मर्म कळते. कुऱ्हाड प्रत्येकाच्या घरी असते. एक घर जरी ठरावाबाहेर राहिले, तरी रान राहत नाही. निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी त्यांनी अभ्यासगट चालविले. मजुरीतला दहावा हिस्सा गावकोषात टाकला, ओहोळांत दगडांचे बांध घातले.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना सरकारच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये तो ग्रामसभेच्या हाती आला आणि बांबूचा पैसा गावात येऊ लागला. हक्क कागदावर मिळणे आणि हातात येणे यांत अशी दोन वर्षे गेली. कामगारांना याचे नवल वाटू नये.

हीच गोष्ट जगाच्या उत्तर टोकालाही घडली आहे. कॅनडात ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी डेने लोक राहतात. १९७० च्या सुमारास सरकारने तेथे राष्ट्रीय उद्यान सुचविले, तेव्हा आपली शिकार व मासेमारी जाईल म्हणून त्यांनी नकार दिला. पुढे २०१९ साली त्यांच्याशी करार होऊन सुमारे २६,००० चौरस किलोमीटर मुलूख राखीव झाला. कारभारात त्यांचा वाटा राहिला. तेथील तरुण पहारेकरी वडीलधाऱ्यांबरोबर हिंडून पाणी व रान शिकतात.

आता आपल्याकडे पाहू. मावळच्या डोंगरांत महादेव कोळी, ठाकर व कातकरी राहतात. "गडचिरोली वेगळी," असे कोणी म्हणेल. अनुसूचित क्षेत्राचा पेसा कायदा मावळास लागू नाही, हे खरे. पण वनहक्क कायद्याला ती अट नाही. त्याचे पाचवे कलम वाचावे. रान, वन्यप्राणी, पाणलोट क्षेत्र व पाण्याचे उगम यांचे रक्षण करण्याचा अधिकार ते ग्रामसभेला देते. दावाही ग्रामसभेतूनच निघतो. तिने निवडलेली दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती पुरावे जमवते, नकाशा करते. पुढे उपविभाग आणि शेवटी जिल्हा समिती निर्णय देते.

येथे तरुणांना काम आहे. म्हाताऱ्यांना झऱ्यांची, देवरायांची, जुन्या वाटांची नावे ठाऊक असतात. तरुणांना कलम वाचता येते, नकाशा काढता येतो. दोघे एकत्र बसले तर दावा उभा राहतो. म्हातारे गेल्यावर त्या खुणा कोणी सांगणार नाही, म्हणून हे काम लांबणीवर टाकता येत नाही.

आणि खालच्या गावातल्या आपण काय करावे? पाणी आपण पितो, राखण वर होते. राखणदाराच्या हक्काचा दावा कचेरीत पडून राहिला, तर त्याच्या पाठपुराव्याला आपणही जावे. ती त्याच्यावर मेहेरबानी ठरणार नाही. आपल्याच पाण्याची ती काळजी आहे.