सुटीतील मूल आणि सांभाळाची भाषा

महाबळेश्वर, माथेरान अथवा गोव्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या हॉटेलात सुटीसाठी उतरलेल्या आईबापांना एक साधी गरज भासते : दोनतीन तास मूल कोणाच्या तरी हाती सोपवावे. घरी ही गरज आजी, शेजारीण किंवा नेहमीची बाई भागविते. परक्या ठिकाणी मात्र ती केवळ शब्दांच्या आधारे भागवावी लागते. स्वागतकक्षात विचारलेला प्रश्न आणि त्यास मिळालेले उत्तर, एवढेच या व्यवहाराचे भांडवल होय. म्हणून येथे योजले जाणारे शब्द नेमकी कशाची हमी देतात, हा प्रश्न निव्वळ कोशकाराच्या कुतूहलाचा राहत नाही.

प्रथम क्रियापदे पाहू. ‘मुलाला जरा बघा’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्यास नुसते दर्शन अभिप्रेत नसते. ‘सांभाळणे’ या क्रियापदाचा इतिहासही हेच सांगतो. ते संस्कृतातील ‘सम्’ हा उपसर्ग आणि अवलोकनार्थी ‘भल्’ हा धातू यांपासून आले आहे. ‘नि’ हा उपसर्ग लागून त्याच धातूपासून ‘न्याहाळणे’ सिद्ध झाले. म्हणजे सांभाळणे आणि न्याहाळणे ही मूळची भावंडे होत. मराठीच्या दृष्टीने मुलाच्या रक्षणाचा गाभा अखंड नजर हा आहे. इंग्रजीतून आलेल्या ‘बेबीसिटर’ या शब्दाचा पाया याहून निराळा आहे. त्यातील क्रिया बसण्याची आहे, म्हणजे मुलाजवळ कोणीतरी उपस्थित असण्याची. मूल झोपलेले असेल तर उपस्थिती पुरते. ते पोहण्याच्या तलावाजवळ खेळत असेल तर पुरत नाही. तेथे नजरच हवी.

नामांकडे वळले असता इतिहास अधिक गुंतागुंतीचा दिसतो. ‘दाई’ हा शब्द संस्कृत ‘धात्री’ची आठवण करून देतो, परंतु त्यातील ‘द’ महाप्राण नाही, यावरून तो फारसी ‘दाया’ या शब्दाच्या वाटेने आला असे ठरते. हिंदीतील ‘धाय’ने मूळचा महाप्राण राखला आहे. दोहोंच्या मुळाशी स्तनपानाची कल्पना आहे. ‘आया’ हा शब्द मात्र पोर्तुगीज ‘आइया’पासून आला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळात तो भारतीय भाषांत रुळला, आणि येथूनच तो इंग्रजीत गेला. घरच्या मुलांचे संगोपन करणारी प्रतिष्ठित स्त्री हा मूळ अर्थ भारतात खालावून ‘पगारी सेविका’ एवढाच उरला.

आया आणि प्रवास यांचा संबंध जुना आहे. ब्रिटिश कुटुंबे मायदेशी जाताना बोटीवर मुले सांभाळण्यासाठी भारतीय आयांना सोबत नेत. पुष्कळदा ही नेमणूक प्रवासापुरतीच असे. बोट लागली की काम संपे, आणि परतीच्या भाड्याची तजवीज नसलेली बाई परक्या शहरात निराधार होई. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये चालविलेले वसतिगृह १९०० मध्ये हॅक्नी भागात आले. त्या वास्तूवर २०२२ मध्ये स्मृतिफलक लावण्यात आला. ‘प्रवासापुरती आया’ या शब्दयोजनेत मुलाची सोय स्पष्ट होती, सांभाळणारीची मुळीच नव्हती. सुटीतल्या तात्पुरत्या सांभाळाचा विचार करताना हा दुसरा पक्ष आजही दृष्टिआड होऊ नये. दिवसभर खोल्या झाडून दमलेल्या बाईस रात्री मूल सांभाळावयास बसविले, तर तिच्यावर अन्याय होतो आणि मुलाच्या सुरक्षिततेसही बाध येतो.

यापुढील शब्द स्थलवाचक आहेत. पॅरिसमध्ये १८४४ साली फिर्मँ मार्बो यांनी कष्टकरी स्त्रियांच्या अर्भकांसाठी ‘क्रेश’ काढले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘गव्हाण’ असा आहे. मराठीने तेथे पाळणा आणून ‘पाळणाघर’ हा शब्द घडविला. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने ठराविक संख्येहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांत, आणि २०१७ च्या प्रसूति-लाभ कायद्यातील सुधारणेने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत, पाळणाघराची सोय आवश्यक ठरविली. मात्र ही तरतूद नोकरदारांच्या मुलांसाठी होती, पाहुण्यांच्या नव्हे. पाहुण्यांसाठी असतो तो ‘किड्स क्लब’. त्याचे नाव करमणुकीचे आश्वासन देते, संगोपनाचे नव्हे. आणि अगदी लहान मुलास तेथे पालकाशिवाय बहुधा प्रवेश नसतो.

येथे पाणिनीय कारकविचार उपयोगी पडतो. ‘बेबीसिटर’ हे कर्त्याचे नाव आहे. ‘पाळणाघर’ आणि ‘किड्स क्लब’ ही अधिकरणाची नावे आहेत. अधिकरण सांगितल्याने कर्ता कळत नाही. हॉटेलच्या माहितीपत्रकात ‘मुलांची काळजी घेतली जाईल’ असे वाक्य आढळते. हा कर्मणी प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु काळजी कोण घेणार, हे त्यात कोठेच नाही. असे वाक्य हाती आले असता पालकाने त्याचे कर्तरी रूपांतर मागावे. कर्ता कोण : हॉटेलची नोकर, की बाहेरच्या संस्थेने पाठविलेली व्यक्ती? तिची ओळख कोणी पडताळली? कर्म किती : एका व्यक्तीकडे किती मुले, कोणत्या वयाची? अधिकरण कोणते : खोली, खेळघर की तलावाचा काठ; आणि कोणत्या वेळेपर्यंत? मूल आजारी पडल्यास कोण कोणास कळविणार? या प्रश्नांना कर्तरी वाक्यांत उत्तरे मिळाली नाहीत, तर सोय आहे असे समजू नये.

शेवटी एका मराठी लकबीचा उल्लेख आवश्यक आहे. सांभाळणारी बाई घटकाभरात ‘मावशी’ होते. संस्कृत ‘मातृष्वसृ’पासून आलेले हे नाते व्यवहारातील कोरडेपणा घालविते आणि बाईस मान देते, या दृष्टीने ते इष्टच आहे. परंतु खरी मावशी वर्षानुवर्षांच्या परिचयाने सिद्ध झालेली असते. येथे परिचय नसताना नाव मात्र मिळते, आणि त्या नावाबरोबर न कमावलेला विश्वासही. ‘मावशी’ म्हणणाऱ्याने तिचे खरे नाव विचारून ठेवावे, तिच्या कामाची वेळ व मोबदला आधी ठरवावा, आणि ठरल्या वेळी परत यावे. नात्याचा शब्द वापरल्यावर नात्याची जबाबदारी दोन्ही बाजूंवर येते.