टर्की, दोस्त आणि न उडालेला बार

पहाटे साडेतीनचा अलार्म तुम्ही शेवटचा कधी लावला होता? सबमिशनच्या आदल्या रात्री? कळसूबाईच्या ट्रेकला? माझ्या मामेभावाने यंदा एप्रिलमध्ये तो लागोपाठ दोन दिवस लावला. कशासाठी? तर झाडाला पाठ टेकून तासन् तास बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही, यासाठी!

दादा मूळचा सांगलीचा. सध्या अमेरिकेत मिसुरी राज्यात एमएस करतोय. त्याच्या लॅबमधला एक मित्र आणि त्या मित्राची बहीण दरवर्षी वसंतात वडिलांच्या शेताला लागून असलेल्या रानात जातात, रानटर्कीच्या शिकारीला. या वेळी त्यांनी दादाला विचारलं, 'येतोस का? बंदूक घेऊ नकोस, नुसता बस.' दादा पटकन हो म्हणाला आणि मग त्याला मामी आठवली. मामी माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे त्याने आधी फोन केला तो मला. 'पत्रकार होणारेस ना, मग गुपित ठेवायला शीक,' म्हणाला. (सॉरी दादा. पण आता मामीला सगळं माहीत आहे, त्यामुळे छापायला हरकत नाही.)

खरं सांगू? मीही आधी नाक मुरडलं होतं. शिकार म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर जुन्या संस्थानिकांचे फोटो येतात, मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले. पण त्या दोन दिवसांत दादाने पाठवलेल्या व्हॉइस नोट्स ऐकल्या, मग नियम वाचले, इतिहास वाचला, आणि लक्षात आलं की या खेळात नेम सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी शिकावं लागतं ते बार कधी काढायचा नाही, हे.

आधी घुबड, मग टर्की

समजा, तुम्ही दादाच्या जागी आहात. अजून मिट्ट काळोख आहे. गाडी लांब उभी करून तुम्ही टॉर्च न लावता रानात शिरलात. मित्र थांबतो आणि चक्क घुबडासारखा आवाज काढतो. तुम्हाला हसू येतं. तेवढ्यात लांबच्या झाडावरून उत्तर येतं, 'गॉबल-ऑबल-ऑबल!' रानटर्की रात्री झाडावर झोपतो. वसंतात नर इतका तापलेला असतो, की घुबड ओरडलं तरी न राहवून ओरडतो. झाला त्याचा पत्ता फुकट.

आता अंगात पानाफांद्यांच्या रंगाचे कपडे, तोंडावर तसाच मास्क, हातात मोजे. कारण टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला आजूबाजूचं बहुतेक सगळं दिसतं. तुम्ही नाक खाजवलंत की तो गेलाच समजा. आणि गोचिडी? त्या तुमच्या पायावर चढत असतात, तरी बसायचं.

मग सुरू होतो खरा खेळ. निसर्गाचा नियम असा, की नर पिसारा फुलवून एका जागी ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नराला म्हणतो, 'आज तू ये.' म्हणजे सगळा उलटा कारभार! म्हणूनच नर निम्म्या वाटेवर थांबतो, फुगतो, पिसारा दाखवतो आणि वाट बघतो, ही बया का येत नाही?

हा आवाज काढायच्या तऱ्हाही भारी आहेत. एक लाकडी पेटी असते. तिच्या कडेवर खडू लावलेलं झाकण घासलं की मादीची हाक निघते. दुसऱ्या प्रकारात छोटी गोल पाटी आणि लाकडी काडी. आपण शाळेत पाटीवर पेन्सिल करकरवायचो आणि बाई ओरडायच्या, तोच प्रकार. तिसरा म्हणजे टाळूला चिकटवायचा रबरी पडदा. दादाने तो तोंडात घालून बघितला. त्याच्या मते त्यातून मादी टर्की सोडून बाकी सगळ्यांचे आवाज आले. मिसुरीत मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मात्र चालत नाही. इलेक्ट्रॉनिक आवाजाने टर्कीला बोलावणं बेकायदा आहे. दाणे टाकून बोलावणंही बेकायदा. यायला हवा तो तुमच्या कौशल्यावर.

चाळीस पावलांवर

पहिल्या दिवशी तो आला. साडेसात वाजले असतील. आधी ओरडणं जवळ आलं, मग बंद झालं. दादा म्हणतो, त्या शांततेत त्याला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत होते. मग जांभळ्या फुलांनी भरलेल्या रेडबडच्या झाडामागून एक डोकं निघालं. लाल, पांढरं, निळं! उत्तेजित नराच्या डोक्याचे रंग असे बदलत राहतात. छातीवर केसांच्या झुपक्यासारखी लोंबणारी दाढी. मग पिसारा उघडला. मोर आणि रानकोंबडा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. आपल्याला पटकन ओळख पटते.

मित्राची बंदूक गुडघ्यावर तयार होती. चाळीस पावलं. तीस पावलं. दादाने डोळे मिटून घेतले.

बार झालाच नाही.

डोळे उघडले तर नर अजून तिथेच, आणि त्याच्या मागे, अगदी रेषेत, एक करडी मादी पाचोळा उकरत होती. ती बाजूला होईना. नर दोन मिनिटं फुगून फिरला आणि तिच्या मागोमाग झाडीत गेला. संपलं. साडेतीनला उठून, सगळं करून, हातात काही नाही!

दादाला वाटलं, आता बहीण भावाला टोमणे मारणार. आपल्या ग्रुपमध्ये कुणी शेवटच्या ओव्हरला कॅच सोडला तर वर्षभर ऐकवतात, तसं. ती फक्त त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, 'बरोबर केलंस.' शॉटगनमधून एक गोळी सुटत नाही, बारीक छर्ऱ्यांचा झोत सुटतो आणि तो पसरत जातो. नर पडला असता, पण मागची मादीही गेली असती. वसंतात दाढी नसलेल्या मादीला मारणं हा गुन्हा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती लवकरच जमिनीवर घरटं करून दहा-बारा अंडी घालणार होती.

लाल रुमाल घरी ठेवा

दादा बंदूक हातात घेणार नव्हता, तरी मित्राने आदल्या रात्री त्याची शाळा घेतली होती. लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको. रुमाल नको, मोजे नको, टी-शर्टची कॉलरसुद्धा नको. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. नराच्या डोक्याचे रंग तेच! झाडीत लाल काही हललं आणि कुणी घाई केली, तर?

पुढचे नियमही असेच. पाठ टेकायची ती आपल्या खांद्यांपेक्षा रुंद झाडाला, म्हणजे मागून कुणी बार काढलाच तर झाड मध्ये येईल. टर्कीचा आवाज आला म्हणून त्याच्या दिशेने दबकत जायचं नाही, तो दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला आवाज असू शकतो. दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, सरळ मोठ्या आवाजात बोलायचं. मारलेला पक्षी खांद्यावर टाकून परतताना नारिंगी कपड्यात गुंडाळायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अख्खा पक्षी नीट दिसल्याशिवाय, त्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही.

बीजीएमआय खेळताना झुडूप हललं तरी आपण अख्खी मॅगझिन रिकामी करतो. तिथे चुकलं तर रीस्पॉन. इथे झुडपामागे तुमचा दोस्त असू शकतो.

गायब झालेला पक्षी परत आला

ही शिस्त शिकाऱ्यांना जन्मतः आली नव्हती. एकेकाळी अमेरिकेत वाटेल तेवढी टर्की मारली गेली, बाजारात विकली गेली, जंगलंही तोडली गेली. १९३०च्या दशकापर्यंत अख्ख्या देशात सुमारे दोन लाख रानटर्की उरल्याचा अंदाज सांगितला जातो. मिसुरीने १९३७ मध्ये शिकार बंदच करून टाकली. त्याच वर्षी देशात पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. म्हणजे शिकाऱ्याच्याच खिशातून!

आधी पोल्ट्रीत वाढवलेले पक्षी रानात सोडून बघितले. जमलं नाही. त्यांना ना कोल्हा कळायचा, ना घुबड. मग १९५०च्या दशकात युक्ती सापडली. दाणे टाकायचे, बाजूला जाळं दडवायचं, थवा आला की छोट्या स्फोटाने ते जाळं त्यांच्यावर फेकायचं. असे पकडलेले खरे रानपक्षी नव्या जंगलांत नेऊन सोडले आणि ते टिकले. मिसुरीत १९६० मध्ये पुन्हा शिकार सुरू झाली, तीही फक्त तीन दिवस. सगळ्या शिकाऱ्यांना मिळून ९४ पक्षी मिळाले. आज देशात रानटर्कींची संख्या साठ लाखांच्या घरात सांगतात.

पण गोष्ट इथे 'आणि ते सुखाने नांदू लागले' म्हणून संपत नाही. गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांत, विशेषतः आग्नेय भागात, टर्की पुन्हा कमी होतायत. अंडी खाणारे रॅकून, बदलती शेती, पिल्लांना लागणाऱ्या कीटकांची आणि गवताळ जागांची कमतरता अशी कारणं पुढे येतात. जॉर्जिया विद्यापीठातले मायकल चेंबरलेन यांच्यासारखे संशोधक पक्ष्यांवर जीपीएस बसवून त्यांचा माग काढतात. त्यातून एक प्रश्न पुढे आलाय. माद्या अंड्यावर बसायच्या आधीच आपण जोरदार नर मारतोय का? २०२३ मध्ये टेनेसी राज्याने हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि प्रत्येकी तीन पक्ष्यांची मर्यादा दोनवर आणली. मिसुरीतही हंगामात दोनच, त्यातही पहिल्या आठवड्यात एकच. आणि पक्षी मारला की त्याच रात्री दहाच्या आत सरकारदरबारी नोंद करायची.

आपल्याकडचं काय? वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. तेव्हा हे वाचून गलोल घेऊन तित्तराच्या मागे लागू नका, प्लीज. टर्की पक्षी मात्र आपल्याकडे कधीच येऊन गेलाय. साधारण १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या चित्रविचित्र प्राण्यांत जहांगीर बादशहाला तो मिळाला आणि दरबारातल्या मन्सूरने त्याचं सुंदर चित्र काढलं. पोर्तुगीज भाषेत त्याला 'पेरू' म्हणतात आणि तुर्कस्तानात चक्क 'हिंदी'!

मामीचा मसाला

दुसऱ्या दिवशी बहिणीची पाळी होती. या वेळी मध्ये कुणी नव्हतं. एकच बार झाला. दादाने डोळे उघडे ठेवले होते. पक्षी पडल्यावर पंख बराच वेळ फडफडत राहिले, हे त्याने मला तीनदा सांगितलं. कुणी ओरडलं नाही, टाळ्या दिल्या नाहीत. बहिणीने पिसांवरून हात फिरवला आणि थोडा वेळ ती तशीच बसली. मग तिघांनी मिळून पिसं काढली, साफसफाई केली. दादाला एकदा उलटी आली. तरी तो उठून गेला नाही. 'दर रविवारी चिकन आणायचो मित्रांबरोबर,' तो म्हणाला, 'दुकानदार आत कापायचा, मी बाहेर रील्स बघायचो. या वेळी म्हटलं, खायचं तर हे बघायला पाहिजे.'

टर्कीच्या तंगड्या चिवट असतात, त्या तासन् तास शिजवाव्या लागतात. शिजवायचं काम दादाकडे आलं. त्याच्याकडे मसाला होता एकच. मामीने सांगलीहून डब्यात भरून दिलेला कांदा-लसूण मसाला. रस्सा हिट झाला. पण माळकरी आईच्या मसाल्यात टर्की! त्या रात्री दादाला झोप लागेना. शेवटी त्याने घरी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, मसाल्यासकट.

मामी बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, 'तू मारलंस?'

'नाही गं आई.'

'नंतर आंघोळ केलीस ना?'

'केली.'

'बरं. आणि ती पहिल्या दिवशीची कोंबडी? ती सुटली ना?'

तेव्हापासून मामी दर फोनला त्या मादीची चौकशी करते. अंडी घातली का, फुटली का, किती दिवस लागतात. दादाने सांगितलं, अठ्ठावीस दिवस. मेच्या अखेरीस मित्राच्या वडिलांनी शेताच्या कडेचा एक फोटो पाठवला. उंच गवतात एक करडी मादी आणि तिच्या पायात घोटाळणारी सात पिल्लं. ती तीच असेल असं कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही. मामीच्या मोबाइलवर मात्र तोच वॉलपेपर आहे.