कात्या झामोलोद्चिकोवाची कैफियत

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्लबरो नावाचे एक बेताचे शहर आहे. तेथे कॅथलिक संस्कारांत वाढलेला आणि पुढे बोस्टनच्या कला महाविद्यालयात शिकलेला ब्रायन मॅकूक हा १९८२ साली जन्मलेला गृहस्थ आज जगभर ओळखला जातो, तो येकातेरिना पेत्रोव्ना झामोलोद्चिकोवा, संक्षेपाने कात्या, या कल्पित रशियन बाईच्या नावाने. ही बाई सोनेरी केसांची, लालभडक ओठांची, अखंड बडबड करणारी वेश्या असून आपल्या व्यवसायाविषयी बोलताना तिला यत्किंचितही संकोच वाटत नाही. बोलता बोलता ती एकाएकी दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून जमिनीवर टेकते, कारण तिचे आडनाव घेतले आहे ते येलेना झामोलोद्चिकोवा या रशियन कसरतपटूचे, जिने २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली होती. बोस्टनच्या जॅक्स नावाच्या जुन्या कॅबरेत ‘पेरेस्त्रोइका’ या नावाचा तिचा खेळ दरमहा होत असे. ज्या देशाने रशियाचा बागुलबुवा दाखवून दोन पिढ्या वाढवल्या, तेथल्या मुलाने सोंगासाठी नेमकी रशियन बाईच निवडावी, यातली खोडी लक्षात घेण्याजोगी आहे.

पुरुषाने स्त्रीवेष घेऊन रंगभूमीवर यावे, यात मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. ज्या प्रेक्षकवर्गाने बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी डोळ्यांत प्राण आणून पाहिली, आणि त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनीही केलेले पाहिले, त्याच्या वारसांना हा प्रकार परिचितच आहे. परंतु पाश्चात्त्य देशांत ज्याला ड्रॅग म्हणतात त्याची जात थोडी निराळी. आत पुरुष आहे याचा प्रेक्षकाला विसर पडावा, यासाठी बालगंधर्वांची सारी साधना होती. ड्रॅगचा कलावंत तो विसर सहसा पडू देत नाही. त्याच्या पापण्या नको तितक्या लांब असतात, केसांचा टोप नको तितका उंच असतो, आणि स्त्रीत्वाची नक्कल करता करता तो स्त्रीत्व व पुरुषत्व या दोहोंच्या रूढ रीतिरिवाजांची यथेच्छ थट्टा करीत असतो. या खेळाला राजाश्रय वा नाट्यगृह क्वचितच मिळाले. तो वाढला मद्यगृहांत, मध्यरात्रीच्या सुमारास, हाताच्या अंतरावर बसलेल्या गिऱ्हाइकांपुढे.

वेषाची सिद्धता हा दोन-तीन तासांचा उद्योग असतो. शाळकरी मुले वापरतात ती गोंदाची कांडी प्रथम भुवयांवर घासून त्यांचे केस चापून बसवायचे, त्यांवर पावडरीचे थर देऊन मूळ भुवई नाहीशी करायची आणि बोटभर वर दुसरी रेखायची; दाढीची निळसर झाक लपवण्यासाठी तिच्यावर नारिंगी रंगाचा हात फिरवून मग कातडीचा रंग चढवायचा; कमरेखाली स्पंजाचे कापलेले तुकडे बसवून त्यांवर एकावर एक तंग मोजे चढवायचे, म्हणजे स्पंजाच्या कडा दिसत नाहीत; आणि शेवटी टोपाची बारीक जाळी डिंकाने कपाळाला चिकटवायची. एवढा सगळा खटाटोप झाला की आरशात जी बाई उभी राहते तिला कशाचीच धास्ती नसते. अडचण आहे ती एवढीच, की हे धैर्य उसनवारीचे असते आणि पहाटे तेल लावून चेहरा पुसताना ते परत करावे लागते.

मॅकूकच्या बाबतीत हा माझा केवळ तर्क नाही. ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेच्या सातव्या पर्वात, २०१५ साली, तो कात्या म्हणून उतरला, तेव्हा परीक्षकांपुढे जाण्याच्या विचाराने त्याच्या मनाचा होणारा थरकाप लाखो प्रेक्षकांनी पाहिला. व्यसनमुक्त राहण्याची आपली धडपड चालू आहे आणि ही स्पर्धा तिची कसोटी पाहते आहे, हे त्याने डोळ्यांत पाणी आणून एका सहस्पर्धकाला सांगितले. पर्वात त्याचा क्रमांक पाचवा लागला. पण प्रेक्षकांनी सर्वांत लोभस स्पर्धक म्हणून मान दिला तो त्यालाच, आणि पुढच्याच वर्षी निवडक जुन्या स्पर्धकांच्या सामन्यात तो उपविजेत्यांपैकी एक ठरला. दरम्यान ट्रिक्सी मॅटेल या सहकलाकारासह त्याने इंटरनेटवर गप्पांची एक चित्रमालिका सुरू केली होती. तिला इतकी लोकप्रियता लाभली की २०१७ च्या नोव्हेंबरात या जोडीला दूरचित्रवाणीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला.

व्यसन आणि हा व्यवसाय यांचे लागेबांधे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कचे मद्यपरवाना खाते, समलिंगी गिऱ्हाइकांना पेय देणारे दुकान ही बेशिस्तीची जागा होय, या सबबीखाली परवाना रद्द करू शकत असे. त्यामुळे अशा लोकांनी जमायचे कोठे, तर गुन्हेगारी टोळ्यांनी पोलिसांना हप्ते देऊन चालवलेल्या चोरट्या गुत्त्यांत. ज्या स्टोनवॉलवर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांची धाड पडली आणि समलिंगी हक्कांच्या चळवळीला नवे वळण मिळाले, तेही असेच विनापरवाना दारू विकणारे ठिकाण होते. कुटुंबाने दार लावून घेतलेल्या, धर्मपीठाने पातकी ठरवलेल्या आणि कायद्याने गुन्हेगार मानलेल्या माणसाला ज्या एका खोलीत मान वर करून बसता येई, तेथे बसण्याचे भाडे पेल्याच्या रूपाने द्यावे लागे. ड्रॅगचा कलावंत तर त्या खोलीचा नोकरच. त्याची बिदागी गल्ल्यावर अवलंबून, आणि कौतुक करणारा जो तो त्याच्यापुढे पेला सरकवणार. पुढे कायदे बदलले, पण रिवाज राहिला. रुपॉलच्या स्पर्धेच्या पहिल्या काही पर्वांना अॅब्सोल्युट या व्होडका कंपनीचा आश्रय होता, आणि त्याच कार्यक्रमात स्पर्धक आपल्या व्यसनांची करुण कहाणी सांगत असत. ही विसंगती चालवून घेणाऱ्यांची मला गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो.

तिरस्कार गिळत जगण्याचा जो ताण सतत सोसावा लागतो, त्यातून नैराश्य आणि व्यसने बळावतात, असा सिद्धान्त इलान मेयर या अभ्यासकाने २००३ साली सविस्तर मांडला. तो मला पटतो. मात्र त्याने सारे उलगडते असे नाही, कारण तोच ताण सोसणारे अनेकजण व्यसनाच्या वाटेला जात नाहीत.

मॅकूकला ग्रासणारे द्रव्य मेथॲम्फेटामीन, ज्याचे स्फटिक ‘क्रिस्टल’ किंवा ‘आइस’ या नावाने चोरट्या बाजारात विकले जातात. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते १८९३ साली प्रथम तयार केले, १९१९ साली त्याच देशातील अकिरा ओगाता यांनी त्याला स्फटिकरूप दिले, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना जागे ठेवण्यासाठी ‘पर्व्हिटिन’ या नावाने त्याच्या गोळ्यांचे सरकारी पातळीवर वाटप झाले. जेवण, स्नेह, शाबासकी यांनी मेंदूत डोपामीन नावाचे रसायन बेताबेताने स्रवते. या द्रव्याने त्याचा एकदम पूर येतो, आणि ते पुन्हा शोषले जाण्याची वाटही अडते. माणूस दिवसेंदिवस झोपत नाही, जेवत नाही, आपल्याला अशक्य असे काही नाही या भ्रमात वावरतो. मग भास सुरू होतात, जवळची माणसे कट करीत आहेत असे वाटू लागते. द्रव्य सोडल्यावर कित्येक महिने कशातच गोडी वाटत नाही, आणि पाऊल पुन्हा घसरते ते बहुधा याच बेचव काळात.

मॅकूकचे पाऊल घसरले ते मात्र यशाच्या ऐन शिखरावर. नवा कार्यक्रम चालू असताना, दौऱ्यांची रीघ लागलेली असताना, तो पुन्हा या द्रव्याच्या आहारी गेला, आणि वास्तव कोणते व भास कोणता याचा विवेक हरपण्यापर्यंत मजल गेली, हे त्याने स्वतःच मागाहून मुलाखतींतून सांगितले आहे. जानेवारी २०१८ मध्ये मानसिक स्वास्थ्यासाठी आपण काम थांबवीत असल्याचे त्याने जाहीर केले. कार्यक्रमाचे उरलेले भाग बॉब या दुसऱ्या ड्रॅग कलावंताने त्याच्या खुर्चीवर बसून पुरे केले. उपचारांनंतर त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मॅकूक परत आला, आणि जे झाले ते चारचौघांत सांगू लागला, तेही बहुधा विनोदाच्या सुरात.

हा विनोद काहींना उथळ वाटतो. मला तसे वाटत नाही. आपल्या रंगभूमीवर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त व्यसनाचे भोग जी सोसते त्या सिंधूची भूमिका बालगंधर्व करीत, आणि पेला हातात धरणारा सुधाकर दुसराच नट असे. मॅकूकच्या खेळात सिंधू आणि सुधाकर एकाच देहात नांदतात, आणि प्रेक्षकाला रडवण्याचा सोपा मार्ग दोघांनाही मंजूर नाही. पश्चात्तापाच्या भाषणाने टाळ्या मिळतात, पण भाषण करणाऱ्याला सभा संपल्यावर एकटेच घरी जायचे असते.

स्पर्धेचा सूत्रधार रुपॉल चार्ल्स हा स्वतः या वाटेने गेलेला आहे. १९६० साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय कलावंत १९९३ च्या सुमारास गायक म्हणून विख्यात झाला, आणि कीर्ती पुष्कळ झाल्यावर, १९९९ साली, त्याने मद्य व मादक द्रव्ये सोडली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने याविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. स्वतःवर प्रेम करता आल्यावाचून दुसऱ्यावर करता येत नाही, या अर्थाचा उपदेश तो प्रत्येक भागाच्या अखेरीस करतो. उपदेश सद्‌हेतूचा आहे, पण अपुरा आहे. आत्मस्वीकार ही एकदा सही केली की निकालात निघणारी तजवीज असती, तर पाचव्या क्रमांकाच्या कात्याला लाखो लोकांनी जीव लावल्यावर मॅकूकचा प्रश्न सुटायला हवा होता. प्रत्यक्षात ते प्रेम कात्याच्या खाती जमा झाले, आणि ब्रायनचे खाते होते तसेच राहिले. स्त्रीवेषामुळे तो व्यसनी झाला असे म्हणणाऱ्यांचेही चुकते. त्याच्या हयातीतील भरवशाची गोष्ट तो वेषच होता, आणि दुखणे होते ते वेष उतरल्यानंतरच्या एकांताचे.

उपचारांविषयी लोकांत गैरसमज फार आहेत. मेथॲम्फेटामीनच्या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेले एकही औषध आजमितीस नाही; सर्वांत गुणकारी ठरलेली पद्धत म्हणजे प्रत्येक निर्दोष तपासणीमागे रुग्णाला एखादे छोटे बक्षीस द्यायचे आणि जोडीला समुपदेशन चालू ठेवायचे. व्यसन सोडलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक केव्हातरी पुन्हा घसरतात, असे व्यसनांवर संशोधन करणारी तेथील राष्ट्रीय संस्था सांगते, आणि रक्तदाब व दमा यांच्या रुग्णांत दुखणे उलटण्याचे प्रमाणही साधारण तेवढेच असल्याचे दाखवून देते. दमेकऱ्याला पुन्हा धाप लागली म्हणून त्याच्या चारित्र्याची चौकशी कोणी करीत नाही.

आपल्याकडे ‘क्रिस्टल’ची जागा मुंबई-पुण्यात बव्हंशी ‘एमडी’ या दुसऱ्या उत्तेजक द्रव्याने घेतली आहे. वर्तमानपत्रांत छाप्यांची बातमी येते, तिच्यामागच्या घरांची येत नाही. संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी मोडीत काढली, तरी मुलगा आपल्याला अपेक्षित तसा नाही आणि वर व्यसनीही आहे हे कळताच इभ्रतीपायी दोन्ही गोष्टी एकाच कुलपात बंद करणारी घरे अजून पुष्कळ आहेत. त्या घरांना माझे एवढेच सांगणे, की पहिल्या गोष्टीला उपचाराची गरज नाही आणि दुसरीच्या उपचारात दिरंगाई परवडत नाही. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केलेले पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे, आणि व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.